लिस्पमध्ये मजकुराची संख्या कशी होते

कीबोर्डवर इंग्रजी अंकांत ३०७ टाइप केले, तरी संगणकाच्या लेखी ती अजून संख्या नसते. ती तीन चिन्हांची ओळ, म्हणजे स्ट्रिंग असते. चिन्हांना क्रमांक देणाऱ्या आस्की संकेतात शून्याच्या चिन्हाला ४८ हा क्रमांक आहे आणि नऊपर्यंतचे अंक ओळीने ५७ पर्यंत येतात, त्यामुळे क्रमांकातून ४८ वजा केले की अंकाची किंमत मिळते. मग डावीकडून एकेक अंक घेत, आतापर्यंतच्या उत्तराला दहाने गुणून त्यात तो मिळवत जायचे: ३, ३०, ३०७.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत ज्या लिस्प या प्रोग्रामिंग भाषेचे काम सुरू केले, तिच्या इंटरप्रिटरला, म्हणजे प्रोग्राम वाचून चालवणाऱ्या यंत्रणेला, मात्र आधी हे ठरवावे लागते की समोर आलेला तुकडा संख्या आहे की नाव. कॉमन लिस्प या तिच्या बोलीत नुसते वजाचे चिन्ह हे वजाबाकीच्या फंक्शनचे नाव आहे, त्याला जोडून ५ आला की ती ऋण संख्या होते, आणि एकापुढे अधिकचे चिन्ह लावलेले ‘१+’ हे चक्क एक मिळवणाऱ्या फंक्शनचे नाव आहे. म्हणून पहिले चिन्ह पाहून निकाल देता येत नाही. तुकडा पूर्ण वाचावा लागतो.

खरा मतभेद आहे तो मजकूर संख्येत बसत नाही तेव्हा काय करायचे, यावर. ईमॅक्स या मजकूर-संपादकातल्या लिस्पचे ‘स्ट्रिंग-टू-नंबर’ हे फंक्शन ‘१२ किलो’मधून १२ उचलते आणि नुसत्या ‘किलो’चे उत्तर शून्य देते, ते खरे शून्य की अपयश, हे उत्तरावरून कळत नाही. हिशेबाच्या कामात हा मवाळपणा मला धोक्याचा वाटतो. देवनागरी अंकांचेही तिथे शून्यच होते, वास्तविक जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड संकेतात ते २४०६ पासून तसेच ओळीने मांडलेले आहेत. स्कीम या लिस्पच्या आणखी एका बोलीत मजकूर संख्येत बसला नाही, तर ‘असत्य’ हे वेगळेच मूल्य मिळते, तर कॉमन लिस्पचे ‘पार्स-इंटिजर’ सरळ त्रुटी दाखवते. जादा मजकूर चालेल असे सांगितले, तर वाचलेल्या संख्येबरोबर वाचन कुठे थांबले तेही कळवते.

‘पार्स-इंटिजर’ला फक्त पूर्णांक कळतात, म्हणून अपूर्णांकांसाठी ‘रीड-फ्रॉम-स्ट्रिंग’ वापरण्याचा मोह होतो. ते ‘१/३’ दशांशात न मोडता अचूक अपूर्णांक म्हणून ठेवते खरे, पण मजकुरात विशिष्ट खूण करून लपवलेला प्रोग्रामही वाचता वाचताच चालवते. परक्याने पाठवलेला मजकूर त्याच्याकडे देण्यापूर्वी ‘रीड-इव्हॅल’ ही सोय बंद करावी लागते.