पॅच: फरक तेवढाच पाठवायची पद्धत कुठून आली

मुक्तस्रोत प्रकल्पात, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रकल्पात, पहिल्यांदा काही दुरुस्त करणारा आज बहुधा थेट पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल सामावून घ्या’ अशी विनंती, पाठवतो. जुनी मंडळी त्या बदलाला अजूनही पॅच म्हणतात, आणि पॅच म्हणजे खरोखरचं ठिगळ. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून साठवले जायचे, तेव्हा चुकलेल्या भोकांवर कागदाचा तुकडा चिकटवत. शब्द तिथला.

संगणकावर ठिगळ लावायचं तर आधी फरक सापडायला हवा. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी ‘डिफ’ लिहिला आणि १९७४ साली तो युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पाचव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. दोन फायली दिल्या की कुठली ओळ गेली, कुठली आली, हे तो सांगायचा. तो फरक दुसऱ्याच्या संगणकावर आपोआप चढवण्याची सोय मात्र लॅरी वॉल यांच्या ‘पॅच’ने १९८५ साली केली. त्याची खुबी मला आजही थक्क करते. तो नुसत्या ओळीच्या क्रमांकावर विसंबत नाही, आजूबाजूच्या ओळी ताडून पाहतो. तुमची फाईल मधल्या काळात दहा ओळी खाली सरकली असली, तरी ठिगळ जागेवर बसतं. कधी न भेटलेली, थोड्या वेगवेगळ्या प्रती बाळगणारी माणसं एकाच प्रोग्रॅमवर काम करू लागली, ती या बारीकशा शहाणपणामुळे.

असा फरक लिहून दाखवायची वेन डेव्हिसन यांची १९९० सालची युनिफाइड मांडणी अजून तशीच वापरात आहे. समजा, लूप, म्हणजे प्रोग्रॅममधला पुन्हा पुन्हा चालणारा भाग, एक फेरी जास्त मारतोय. मग वजाचं चिन्ह लावलेल्या ओळीत <= दिसतं, अधिकचं चिन्ह लावलेल्या ओळीत नुसतं <. वरखाली तीन-तीन ओळी न बदललेल्या, जागा ओळखण्यापुरत्या. एका चिन्हाची दुरुस्ती, पण वाचणाऱ्याला सगळं कळतं.

१९९१ साली लिनक्स ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम सुरू झाली आणि असे पॅच ईमेलने तिचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांच्याकडे येऊ लागले. ते वाचणार, पटलं तर चढवणार. १९९८ पर्यंत हे एका माणसाला पेलेनासं झालं. पाठवलेले पॅच उत्तराविना हरवायचे, पाठवणारे वैतागायचे. २००२ साली टॉरवल्ड्स यांनी बिटकीपर हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन स्वीकारलं. ते खासगी मालकीचं, म्हणून अनेकांना खटकलं, आणि माझ्या मते रास्तच खटकलं. अँड्र्यू ट्रिजेल त्याच्याशी जुळणारं स्वतंत्र साधन लिहू लागल्यावर २००५ साली फुकट वापराची मुभा गेली. त्या ३ एप्रिलला टॉरवल्ड्स यांनी त्याच कामासाठी स्वतःचं साधन, गिट, लिहायला घेतलं. ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जात होता. जुलैत गिट सांभाळायचं काम जुनिओ हमानो यांच्या हाती आलं.

दरम्यान एक वेगळाच प्रश्न उभा राहिला होता: या ओळी आल्या कुठून? मार्च २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावला, आमचा युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घातला म्हणून. त्यानंतर, २००४ पासून, प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि नाव लिहायची रीत पडली. हा बदल प्रकल्पाच्या मुक्तस्रोत परवान्याखाली द्यायचा मला हक्क आहे, असं पाठवणारा त्या ओळीने लेखी सांगतो.

२००८ साली गिटहब हे गिटवर आधारलेलं संकेतस्थळ आलं आणि हे सगळं एका बटणामागे गेलं. लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, पॅच मात्र बहुतांशी आजही ईमेलनेच जातात, साध्या मजकुरात, खाली नाव घालून. तपासणारा त्याच ओळींच्या मधे आपला आक्षेप लिहितो आणि परत पाठवतो.