बार्न क्विल्ट

अमेरिकेतील शेतांवरच्या लाकडी कोठारांच्या दर्शनी भिंतीवर लावलेला, गोधडीच्या एका चौकोनाची नक्षी रंगवलेला मोठा फलक. क्विल्ट म्हणजे कापडाचे भौमितिक तुकडे जोडून शिवलेली तिकडची गोधडी. बार्न क्विल्टमध्ये मात्र कापडाचा धागाही नसतो, सगळे काम प्लायवूड आणि रंगाचे. हे फलक पाहून ही फार जुनी लोककला असावी असे वाटते. पेनसिल्व्हेनियातील जर्मनवंशीय शेतकरी कोठारांवर रंगवीत असलेल्या चांदण्यांच्या वर्तुळांशी त्यांची गल्लतही होते. प्रत्यक्षात आजची प्रथा २००१ सालची आहे. जुनी आहे ती नक्षी, आणि जुनी आहेत ती कोठारे.

ओहायो राज्याच्या अ‍ॅडम्स काउंटीत डॉना स्यू ग्रोव्ह्ज (मृत्यू २०२१) आणि त्यांची आई मॅक्सीन यांनी १९८९ मध्ये शेत घेतले. त्यावर तंबाखू वाळवायचे एक ओबडधोबड कोठार होते. मॅक्सीन क्विल्ट शिवण्यात निष्णात. या कोठारावर तुझ्यासाठी एक क्विल्ट रंगवीन, असा शब्द लेकीने आईला दिला. पुढे राज्याच्या कला परिषदेत काम करताना त्यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा एकाऐवजी वीस कोठारे रंगवून प्रवाशांसाठी मार्गच आखायचे ठरले. पहिला फलक ‘ओहायो स्टार’ या नक्षीचा होता. आईच्या कोठाराचा नंबर मात्र नंतर लागला. तिथे ‘स्नेल्स ट्रेल’ ही नक्षी झळकली. आयोवा, टेनेसी, केंटकी असे करत ही प्रथा बहुतेक राज्यांत आणि कॅनडात पोहोचली.

फलक साधारणपणे ८ फूट लांब, ८ फूट रुंद असतो. प्लायवूडचे दोन तक्ते जोडायचे, प्रायमर मारायचा, पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि चिकटपट्टी लावून एकेक रंग भरत जायचे. पट्टीची कड नीट दाबली नाही तर रंग खाली झिरपतो आणि रेघ फाटते. रस्त्यावरून जाणाऱ्याला मोटारीतून दिसायचे म्हणून नक्षी मोठी आणि रंग ठसठशीत.

नक्षीची निवड हा सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. अनेक घरांत पणजीने शिवलेली गोधडी पेटीतून काढून तिचाच चौकोन उतरवतात. ‘लॉग केबिन’ (ओंडक्यांचे घर) या नक्षीमध्ये मधला लाल चौकोन म्हणजे घरातली चूल, भोवतीच्या पट्ट्या एका बाजूला फिक्या, दुसऱ्या बाजूला गडद. मका पिकणाऱ्या प्रदेशात ‘कॉर्न अँड बीन्स’ (मका आणि घेवडा) शोभते. फलकासोबत कोठार कोणी बांधले, काय पिकवले, कितव्या पिढीकडे शेत आहे, ही माहितीही अनेक ठिकाणी दिली जाते. आयोवात एकाच कुटुंबाकडे शंभर वर्षे राहिलेल्या शेतांना १९७६ पासून राज्यातर्फे ‘सेंच्युरी फार्म’ म्हणून गौरवतात. अशा घरांना तर सांगण्यासारखे पुष्कळ असते.

या इतिहासाला एक दुखरी बाजू आहे. ओहायो-केंटकी भागात बर्ली जातीच्या तंबाखूची पाने कोठारात दांड्यांवर टांगून, कित्येक आठवडे वाऱ्यावर वाळवत. २००४ च्या कायद्याने तंबाखूचा कोटा (कोणी किती पिकवायचा याची सरकारी मर्यादा) आणि हमीभाव संपला आणि असंख्य लहान शेतकऱ्यांनी हे पीक सोडले. आजची अवजड यंत्रे जुन्या कोठारांत मावत नाहीत, आणि रिकाम्या कोठाराचे छप्पर दुरुस्त करायला कोणी धजावत नाही. फलक लावायचा तर आधी भिंत धड हवी; त्या निमित्ताने काही कोठारांची डागडुजी झाली, हे या प्रथेचे मोठे यश मानायला हवे.

आता दोन फुटी तयार फलक विकत मिळतात आणि गॅरेजवरही लागतात. ते दिसतात सुरेख, पण त्यांच्यामागे शेत नसते.