राजकीय शुद्धीकरण

हुकूमशहा आपल्याच पक्षातल्या, सैन्यातल्या किंवा सरकारी यंत्रणेतल्या माणसांना घाऊक प्रमाणात पदावरून काढतो, कैदेत टाकतो किंवा ठार करतो, त्या मोहिमेला राजकीय शुद्धीकरण म्हणतात. यातला ‘आपल्याच’ हा शब्द महत्त्वाचा. उघड विरोधकांचा बंदोबस्त ही नुसती दडपशाही झाली. शुद्धीकरणाचा घाव कालपर्यंत मांडीला मांडी लावून बसणाऱ्यावर पडतो. रशियनमध्ये यासाठी ‘चिस्त्का’, म्हणजे साफसफाई, असा शब्द आहे. १९२१ मध्ये बोल्शेविक पक्षाने, म्हणजे रशियाच्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने, सभासदांची छाननी करून अनेकांना पक्षाबाहेर काढले, तेव्हा त्याचा अर्थ तेवढाच होता. मराठी प्रतिशब्द मात्र फारच सोज्वळ आहे. नवी मुंबईकराला ‘शुद्धीकरण’ म्हटले की मोरबे धरणाचे पाणी जिथे शुद्ध होते ते भोकरपाड्याचे केंद्र आठवते. बोलीतले ‘काटा काढणे’ अर्थाला अधिक जवळचे आहे. फक्त ते एखाददुसऱ्या माणसाबद्दल बोलतात, हजारोंबद्दल नाही.

पक्षातली हकालपट्टी आणि शुद्धीकरण यांची गल्लत नेहमी होते. हा फरक ठाण्याच्या वाचकाने जवळून पाहिला आहे. २०२२ च्या जूनअखेरीस एकनाथ शिंदे यांना शिवसेनेच्या नेतेपदावरून दूर करण्यात आले, पण त्याच सुमारास ते मुख्यमंत्री झाले होते आणि आठवडाभरात ठाणे महापालिकेतले पक्षाचे ६७ पैकी ६६ माजी नगरसेवक त्यांच्या बाजूला गेले. कोण बरोबर, हा प्रश्न इथे नाही. काढलेल्या माणसाला जायला जागा होती: विधानसभा, न्यायालय, निवडणूक आयोग, दुसरा गट. हुकूमशाहीत ही जागाच शिल्लक नसते. ठाण्याच्याच इतिहासात एक उलटे उदाहरण सापडते. दुसऱ्या बाजीरावाने १८१५ मध्ये आपला कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांच्या हवाली केले आणि तो ठाण्याच्या किल्ल्यात कैद झाला. दुसऱ्याच वर्षी तो तिथून निसटला. मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याने, घोड्याला खरारा करताना गाण्यांतून निरोप पोचवला, अशी कथा प्रसिद्ध आहे. पण याला शुद्धीकरण म्हणता येत नाही, कारण हा काटा धन्याला काढायचाच नव्हता.

मग हुकूमशहा आपलीच माणसे का कापतो? वेड, संशयी स्वभाव, क्रौर्य ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. मिलान स्वोलिक या अभ्यासकाने १९४६ ते २००८ या काळात घटनाबाह्य मार्गाने सत्ता गमावलेल्या ३०३ हुकूमशहांची मोजदाद केली. त्यांपैकी २०५ जणांना राजवटीच्या आतल्याच माणसांनी पाडले होते. जनतेच्या उठावाने फक्त ३२ गेले. म्हणजे रस्त्यावरच्या मोर्चापेक्षा बैठकीच्या टेबलाभोवतीचे चेहरे जास्त धोक्याचे. ज्यांनी खुर्चीवर बसवले त्यांना ती ओढायचीही ठाऊक असते. त्यात दुसरी अडचण अशी की, भीतीपोटी सगळेच ‘हो साहेब’ म्हणू लागले की खरा निष्ठावंत कोण, हे साहेबालाच कळेनासे होते. माहिती मिळत नाही, म्हणून संशयावर काम भागवले जाते. आणि संशय पहिल्यांदा कर्तबगार माणसावर जातो, कारण बिनकामाच्या माणसाकडून भीती कसली?

स्टालिनचे उदाहरण याच तर्काने वाचावे. १९३४ च्या आपल्या सतराव्या अधिवेशनाला सोव्हिएत कम्युनिस्ट पक्ष ‘विजेत्यांचे अधिवेशन’ म्हणत होता. त्याच वर्षी १ डिसेंबरला लेनिनग्राडचा नेता किरॉव्ह याचा खून झाला आणि निमित्त मिळाले. स्टालिननंतर पक्षाचा नेता झालेल्या क्रुश्चेव्हने १९५६ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार त्या अधिवेशनातल्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना अटक झाली आणि तिथे निवडलेल्या केंद्रीय समितीच्या १३९ सदस्य व उमेदवार-सदस्यांपैकी ९८ मारले गेले. म्हणजे स्टालिन हे सारे करत होता तेव्हा तो दुबळा नव्हता, चांगला बळकट होता. घाव घालताना उलटा वार होणार नाही अशी खात्री असतानाच शुद्धीकरण हाती घेतले जाते.

मोहीम सुरू झाली की ती वरच्या वर्तुळात थांबत नाही. जुलै १९३७ च्या आदेशाने प्रत्येक प्रांताला किती जणांना गोळ्या घालायच्या आणि किती जणांना छावणीत पाठवायचे याचा कोटा ठरवून दिला, आणि स्थानिक अधिकारी तो वाढवून मागू लागले. कमी भरला तर आपलाच नंबर, हे त्यांना ठाऊक होते. १९३७-३८ मध्ये सुमारे ६ लाख ८० हजार लोकांना मृत्युदंड दिल्याची सरकारदप्तरी नोंद आहे. त्यांतले बहुसंख्य साधे शेतकरी, कामगार आणि पोलिश वगैरे अल्पसंख्याक होते. भारतीयही सुटले नाहीत. सरोजिनी नायडू यांचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि ताश्कंदच्या कम्युनिस्ट गटातले अबनी मुखर्जी हे दोघेही १९३७ मध्ये मारले गेले.

उरलेल्यांना यातून दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे रिकाम्या खुर्च्या: कोसिगिन, ब्रेझनेव्ह, ग्रोमिको ही पुढच्या सोव्हिएत नेत्यांची पिढी याच पोकळीतून वर आली, आणि अशी बढती मिळालेला माणूस सहसा प्रश्न विचारत नाही. दुसरी म्हणजे पापातला वाटा. सद्दाम हुसेनने २२ जुलै १९७९ रोजी बगदादच्या एका सभागृहात आपल्याच बाथ पक्षाच्या नेत्यांची नावे वाचून घेतली. नाव आले की तो माणूस बाहेर नेला जाई. असे ६८ जण गेले. त्यांतल्या २२ जणांना मृत्युदंड झाला आणि गोळ्या झाडायला पक्षातलेच सहकारी उभे केले गेले. या सगळ्याचे चित्रीकरणही झाले, कारण ते पाहायला लावायचे होते. हिटलरने ३० जून १९३४ ला नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाचा (एसए) प्रमुख एर्न्स्ट र्‍योम आणि इतरांचा निकाल लावला त्यामागे सैन्याला खूश करण्याचा हिशेब होता. तीनच दिवसांनी कायदा करून त्या हत्या वैध ठरवल्या.

किंमत राज्यालाही मोजावी लागते. स्टालिनच्या लाल सैन्याच्या पाच मार्शलांपैकी तीन गेले. सेनापती रोकोसोव्स्की १९३७ मध्ये पकडला गेला, १९४० मध्ये सुटला आणि महायुद्ध जिंकल्यावर १९४५ च्या विजयसंचलनाचे नेतृत्व त्यानेच केले. त्या तिघांतल्या तुखाचेव्स्कीला मात्र मरणोत्तर निर्दोष ठरवायला १९५७ उजाडले.

जल्लाद सहसा वाचत नाही. गुप्त पोलिसांचा प्रमुख यागोदा याला त्याच्या जागी आलेल्या येझॉव्हने संपवले, आणि येझॉव्हला १९४० मध्ये गोळी घातली. मॉस्को कालव्याच्या काठावर स्टालिनशेजारी उभा असलेला येझॉव्ह एका छायाचित्रात दिसतो. त्याच छायाचित्राच्या नंतरच्या प्रतीत त्या जागी कालव्याचे पाणी आहे.