अल्पशक्ती लेसर चिकित्सा (मानदुखीवरील)

कमी शक्तीचे लेसर किरण त्वचेवरून सोडून, ऊतक न तापवता, वेदना व दाहयुक्त सूज कमी करण्याची भौतिकोपचार पद्धती. तीत ६०० ते १,००० नॅनोमीटर (नॅमी.) तरंगलांबीचा तांबडा किंवा अवरक्त प्रकाश वापरतात व उपकरणाची शक्ती सामान्यतः ५०० मिलिवॉटपेक्षा कमी असते. ‘शीत लेसर’ हे तिचे जुने नाव असून अलीकडच्या लेखनात ‘प्रकाशजैवनियमन’ ही व्यापक संज्ञा रूढ झाली आहे.

या पद्धतीचा उगम सामान्यतः हंगेरीतील शल्यचिकित्सक एंड्रे मेस्टर यांच्या १९६७ च्या सुमाराच्या प्रयोगांत मानला जातो. माणकाच्या लेसरचे उंदरांवरील परिणाम तपासताना किरण दिलेल्या जागी केस लवकर उगवल्याचे त्यांना आढळले आणि पुढे त्यांनी जखमा भरून येण्यासाठी त्याचा उपयोग केला. वेदनाशमनाकडे लक्ष वळले ते त्यानंतर.

क्रियेविषयी मात्र एकमत नाही. जीवभौतिकीच्या संशोधिका टीना कारू यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या मतानुसार पेशीतील तंतुकणिकांमधील (ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांमधील) सायटोक्रोम-सी ऑक्सिडेज हे एंझाइम प्रकाश शोषते, त्याला चिकटलेला नायट्रिक ऑक्साइड सुटा होतो आणि एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाची निर्मिती वाढते. हे स्पष्टीकरण सर्वाधिक उद्धृत होत असले, तरी हे एंझाइम नसलेल्या पेशीही प्रकाशाला प्रतिसाद देतात असे काही प्रयोगांत दिसल्याने ते पुरेसे मानता येत नाही. लेसर चिकित्सेच्या संशोधिका रॉबर्टा चाऊ प्रभृतींच्या मते ८३० नॅमी. किरणांनी वेदनावाहक बारीक तंत्रिका तंतूंतील संदेशवहन तात्पुरते मंदावते. वेदना कधीकधी उपचारानंतर लगेच उतरते, याची संगती या मताने अधिक चांगली लागते. मात्रेचा परिणाम सरळ प्रमाणात वाढत नाही : फार कमी मात्रा निष्फळ ठरते, तर अधिक मात्रेने इष्ट परिणाम ओसरतो किंवा उलटतो. निरनिराळ्या चाचण्यांच्या निष्कर्षांतील विसंगतीचे हे एक प्रमुख कारण असावे.

मानदुखीसंबंधी लॅन्सेट या नियतकालिकात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाविश्लेषणात (अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात) १६ यादृच्छिक चाचण्या (रुग्णांची गटवारी दैवयोगाने केलेल्या) व ८२० रुग्ण समाविष्ट होते. जुनाट दुखण्यात १०० मिमी. वेदनामापनश्रेणीवर छद्मोपचाराच्या (किरण न देता केलेल्या दिखाऊ उपचाराच्या) तुलनेत सरासरी सुमारे २० मिमी. घट आढळली व परिणाम उपचारांनंतर २२ आठवड्यांपर्यंत टिकल्याचे नमूद आहे. चाचण्यांतील तरंगलांबी, मात्रा व बैठकींची संख्या भिन्न असल्याने ही सरासरी बेताने वाचावी लागते.

हा पुरावा प्रामुख्याने प्रौढांचा आहे. तरुणांतील मानदुखी बहुधा दीर्घकाळ वाकून बसणे व स्नायूंवरील ताण यांच्याशी निगडित आणि विशिष्ट विकृतीविना असते. ती पुष्कळदा आपोआपही उतरते, म्हणून सुधारणेतील लेसरचा वाटा वेगळा काढण्यास तुलनागट आवश्यक ठरतो. व्यायामाला पूरक म्हणूनच या चिकित्सेचा वापर सयुक्तिक दिसतो. उपचाराच्या वेळी रुग्ण व उपचारक हे दोघेही संरक्षक चष्मा लावतात. अवटू (थायरॉइड) ग्रंथीवर किंवा कर्करोगाच्या जागी किरण देण्याचे सामान्यतः टाळतात.