वॉटर पाईप : माथेरानच्या वाटेवरचं पाण्याचं ठाणं

ठाण्याहून कर्जत लोकल धरायची, नेरळला उतरायचं आणि अरुंद रुळांवरच्या माथेरानच्या गाडीत जागा पकडायची. ठाणेकरांच्या कितीतरी सुट्ट्या अशाच सुरू झाल्या आहेत. जुम्मापट्टी मागे टाकून गाडी आणखी वर चढली की एक चिमुकलं स्थानक येतं : वॉटर पाईप. पाटी वाचून मुलं विचारतात, इथे पाईप कुठे आहे?

माथेरानचं ठाण्याशी नातं रेल्वेहूनही जुनं. १८५० मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि इंग्रजांना थंड हवेचं नवं ठिकाण मिळालं. पुढे १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही माथेरानचं वर्णन आलं. पण वर जायचं तर घोडा, पालखी, नाहीतर पायपीट. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये रेल्वेचं काम हाती घेतलं. सुमारे १६ लाख रुपये खर्चून बांधलेली ही दोन फुटी रुळांची वाट २२ मार्च १९०७ रोजी सुरू झाली. एका घराण्याने एवढा डोंगर अंगावर घेतला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कारखान्यातून चार इंजिनं आली. अवघड वळणांवर रूळ सोडू नयेत म्हणून त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या आसाला किंचित सरकायची मोकळीक होती. पाण्यासाठी मागे वेगळा डबा नव्हता. इंजिनाच्या अंगच्या टाकीत मावेल तेवढंच पाणी. आणि चढ तर वीस फुटांना एक फूट! वाफ भराभर खर्ची पडायची. म्हणून अर्ध्या वाटेवर थांबून टाकी भरून घ्यावी लागे. स्थानकाचं नाव त्यावरूनच पडलं.

डिझेल इंजिनं आली आणि ही गरज संपली. नाव तेवढं उरलं.

२६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग उखडला. गाडी २००७ मध्ये पुन्हा धावली. २०१९ च्या पावसाने पुन्हा वाताहत केली, तेव्हा पूर्ण मार्ग खुला व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. एरवीही दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो. वर अमन लॉज ते माथेरान शटल चालू राहते, पण वॉटर पाईपला त्या महिन्यांत गाडी येत नाही.