स्क्रीन लॉक आहे, पण सिम लॉक?

फोन चोरीला गेला की घरात पहिला प्रश्न येतो, "लॉक होतं ना?" होतं म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण ते लॉक हँडसेटचं. आतलं सिम बहुतेकांचं उघडंच असतं, आणि बँक तुम्हाला ओळखते ती तुमच्या नंबरावरून.

दोन्हीकडे चार-सहा आकडी पिन टाकायची असल्यामुळे घोळ होतो. स्क्रीन लॉकची पिन फोनपुरती. सिमची पिन मात्र सिमच्या चिपमध्येच असते, म्हणून ते सिम कुठल्याही फोनमध्ये घातलं तरी पिन त्याच्याबरोबर जाते. (यूपीआयची पिन ही आणखी तिसरीच भानगड, तिचा या दोघींशी संबंध नाही.)

स्क्रीन लॉक तसं भक्कम असतं. आजच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि त्याची किल्ली तुमच्या पिनशी जोडलेली असते. फोन बंद करून चालू केल्यावर पहिल्यांदा बोट लावून तो उघडत नाही, पिनच मागतो, ते याचसाठी. फोटो, चॅट, बँकेचं ॲप हे सगळं त्या पिनच्या मागे. भुरट्या चोराला ते फोडता येत नाही, आणि तो त्या फंदात पडतही नाही.

मुंबईच्या लोकलमध्ये दारात उभं राहून बोलणाऱ्याच्या हातावर फटका मारून फोन पाडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर काय होऊ शकतं ते बघा. टाचणी घालून ट्रे बाहेर काढायचा, सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकायचं. मिनिटभराचं काम. आता तुमच्या नंबरावर येणारे फोन आणि ओटीपी त्याच्याकडे. त्या नंबरावर व्हॉट्सॲप सुरू करायला लागणारा कोडही त्यालाच येणार. तुम्ही टू-स्टेप व्हेरिफिकेशनची पिन लावलेली नसेल, तर थोड्याच वेळात तुमच्या नावाने मावशीला मेसेज जाईल, "अर्जंट पैसे पाठव."

यूपीआय नुसत्या सिमवर उघडत नाही, हे मान्य. नव्याने यूपीआय पिन बनवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि एक्स्पायरी लागते, किंवा आधारची माहिती. पण आपल्याकडे किती जणांच्या फोनच्या फ्लिप कव्हरच्या कप्प्यात डेबिट कार्ड असतं? त्याच्या मागे घडी घातलेली आधारची झेरॉक्ससुद्धा. अशा वेळी चोराला काहीच फोडावं लागत नाही.

सिमला पिन असेल तर ते दुसऱ्या फोनमध्ये घातल्या घातल्या पिन मागतं. तीनदा चुकली की सिम लॉक होतं आणि आठ आकडी पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडण्याचा कोड, मागतं. तो दहादा चुकला की सिम कायमचं बाद. नंबर तुमचाच राहतो, फक्त नवं सिम घ्यावं लागतं. स्क्रीन लॉक विसरण्याचा फटका याहून मोठा: फोन रीसेट करावा लागतो, आणि बॅकअप नसेल तर फोटो गेले.

अर्थात सिम पिन काही रामबाण नाही. ती फक्त फोन चालू होताना किंवा सिम घालताना विचारली जाते. चोराने सिम जागेवरच ठेवलं आणि फोन चालूच ठेवला, तर तिचा काही उपयोग नाही. शिवाय लॉक असलेल्या फोनवरही आलेला कॉल उचलता येतो, आणि बऱ्याच फोनवर ओटीपीचा मेसेज लॉक स्क्रीनवरच झळकतो. त्यामुळे लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करायलाच हवी. माझ्या मते ही सेटिंग सिम पिनइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

पिन लावायची तर अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या जागी "सिम लॉक" टाका, कारण दर कंपनीच्या फोनमध्ये ती वेगळ्या कोपऱ्यात असते. आयफोनवर मोबाईल डेटाच्या भागात "सिम पिन" आहे. लोक अडकतात ते पुढच्या पायरीवर. पिन चालू करताना फोन आधीची पिन मागतो, म्हणजे सिम कंपनीने घालून दिलेली. ती अंदाजाने टाकू नका, तीनच संधी असतात. कस्टमर केअरला विचारा, मग बदला. नव्या पिनसाठी जन्मवर्ष नको, आणि स्क्रीन लॉकचीच पिन तर अजिबात नको.

थोडा त्रासही आहे. रात्री अपडेट होऊन फोन आपोआप रीस्टार्ट झाला, तर सिम पिन टाकेपर्यंत कुणाचा कॉल लागत नाही. आईवडिलांच्या फोनला पिन लावणार असाल तर त्यांना हे आधी समजावून सांगा.

एका फसवणुकीपुढे दोन्ही लॉक निरुपयोगी ठरतात, ती म्हणजे सिम स्वॅप. त्यात कुणीतरी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिमच काढतं आणि तुमच्या सिमची रेंज अचानक जाते. असं झालं तर वाट न बघता दुसऱ्या फोनवरून कंपनीला गाठा.

फोन चोरीला गेल्यावरही हँडसेट आणि नंबर यांची गल्लत होते. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) ब्लॉक केला की तो हँडसेट देशातल्या नेटवर्कवर चालत नाही, पण तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्ये खुशाल चालतं. म्हणून आधी सिम कंपनीकडून बंद करून घ्या, मग पोलिसांत तक्रार आणि आयएमईआयचं काम. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. संचार साथीवर तक्रारीची प्रत लागते आणि मोबाईलवर ओटीपीही येतो, तेव्हा डुप्लिकेट सिम आधी काढावं लागतं. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, तेवढा वेळ धरूनच चाला. आणि त्या सिमवर तुमची जुनी पिन नसते, ती पुन्हा लावावी लागते.