पान मेपलचं, घराणं जास्वंदीचं

गेल्या श्रावणात शेजारच्या वहिनी नर्सरीतून एक कुंडी घेऊन आल्या. हिरव्या पानांवर पिवळे शिंतोडे, कुणी हळदीच्या पाण्यात बोटं बुडवून झटकावीत तसे. पानाला टोकदार पाळ्या. "ताई, मेपल मिळालं जी मला, रंगीत पानाचं!" गेटातूनच त्यांनी सांगितलं. मी पान चिमटीत धरलं, तर मऊ लव लागली. मग फांदी पाहिली. पानं एकाआड एक लागलेली होती. म्हटलं, "वहिनी, हे मेपल नाही. पण मन खट्टू करू नका, नागपुरात जगायचं ते हेच जगेल."

हे मी ठामपणे सांगू शकले, कारण खरं मेपल मी एकदा लावून पाहिलंय. जपानी मेपलचा 'बटरफ्लाय' नावाचा वाण. पानाची कड पांढरट आणि कोवळेपणी त्यावर गुलाबी झाक. डिसेंबरात ऑनलाइन मागवलं, तेव्हा ती नुसती काडी होती. फेब्रुवारीत पालवी फुटली आणि ती इतकी नाजूक होती, की सकाळी उठले की आधी तिच्याकडे जायची. एप्रिलच्या मध्यात पानांच्या कडा तपकिरी पडू लागल्या. हिरवी नेट बांधली, कुंडी कूलरच्या ओल्या हवेशी नेली, दोन वेळा पाणी दिलं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला आणि झाड गेलं. त्याचं मला फार वाईट वाटलं. पुढे वाचत गेले तसं कळलं, की दोष पाण्याचा नव्हता, अपेक्षेचा होता.

मेपल हे थंड मुलखाचं झाड. 'बटरफ्लाय' ज्या जातीचा वाण, ती जपान, कोरिया आणि चीनमधली. आपल्या देशात मेपलच्या रानटी जाती आहेत, पण त्या मुख्यतः हिमालयात. (काश्मीरचा चिनार पुष्कळांना मेपल वाटतो, तोही मेपल नव्हे. त्याचं कुळच निराळं.) हे झाड पानं गाळून झोपी जातं आणि नीट जागं व्हायला त्याला कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते. नागपुरात डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो हे खरं, पण दुपारी ऊन २७-२८ अंशांवर असतंच. आणि मे महिन्यात ४५ च्या पुढे. पांढऱ्या कडेच्या पानाला तर आणखीच कठीण, कारण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं आणि उन्हाने तोच भाग आधी जळतो.

वहिनींचं झाड म्हणजे अबुटिलॉन. इंग्रजीत त्याला 'फुलणारं मेपल' म्हणतात आणि सगळा घोटाळा त्या नावाचा. साम्य फक्त पानाच्या आकारात. हे दक्षिण ब्राझील आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातलं झुडूप. त्याचं कुळ जास्वंद, कापूस, भेंडी आणि अंबाडीचं, म्हणजे आपल्या विदर्भाच्या मातीशी जुनं नातं असलेलं. पडीक जागेत उगवणारी पेटारी पाहिली असेल. पिवळं फूल आणि चक्रासारखं फळ असलेली, जिला मुद्राही म्हणतात. ती याची सख्खी बहीण.

ओळख पटवायला फूल यायची वाट पाहू नका. मेपलची पानं फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, अबुटिलॉनची एकाआड एक. एवढी एक खूण पुरेशी आहे. फूल आलंच तर शंका उरतच नाही. अबुटिलॉनचं फूल आकाशकंदिलासारखं खाली लोंबतं, नारिंगी पाकळ्यांवर गडद लाल शिरा असतात आणि मधोमध जास्वंदीसारखा पुंकेसरांचा दांडा. मेपलची फुलं बारीक असतात, लक्षातही येत नाहीत. त्याचं फळ मात्र सुंदर, दोन पंखांचं.

आता त्या पिवळ्या शिंतोड्यांबद्दल. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट हीच. 'बटरफ्लाय' मेपलची पांढरी कड झाडाच्या स्वतःच्या पेशींतून येते. वहिनींच्या 'थॉम्प्सोनी' या वाणावरचे ठिपके मात्र विषाणूमुळे आहेत. भेंडीवर केवडा पडतो, पानाच्या शिरा पिवळ्या होतात, तो ज्या गटातल्या विषाणूने होतो त्याच गटातला हा. शेतकरी ज्या लक्षणाने धास्तावून झाड उपटतो, जवळजवळ तेच लक्षण इथे हौसेने जपलं गेलं. १८६८ च्या सुमारास वेस्ट इंडीजहून इंग्लंडला आलेल्या रोपांत असं एक ठिपक्यांचं झाड निघालं आणि त्याची कलमं युरोपभर गेली. पुढे लक्षात आलं, की हिरव्या झाडावर याचा डोळा बांधला तर ठिपके त्या झाडातही उतरतात.

हे ऐकून वहिनी घाबरल्या. त्यांच्या वाफ्यात भेंडी आहे. घाबरायचं कारण नाही. इतकी वर्षं नुसत्या फांदीकलमांनी वाढवल्यामुळे शोभेच्या झाडांतल्या या विषाणूची पांढऱ्या माशीवाटे पसरण्याची ताकद गेल्याचं आढळलं आहे. तरी मी त्यांना कुंडी भेंडीपासून लांब ठेवायला सांगितली, कारण पांढरी माशी दोन्हींवर बसते आणि केवडा मात्र तिच्यातूनच पसरतो. पिवळा चिकट सापळा टांगायचा, पंधरवड्याने निंबोळी अर्क फवारायचा. पिठ्या ढेकूणही येतो, त्यावर लक्ष हवं.

सगळीच रंगीत अबुटिलॉनं विषाणूची नसतात. पानाची कड सलग पांढरट असेल आणि आत हिरवं, तर ते 'सूव्हनीर द बॉन'सारखं, पेशींतूनच रंग आलेलं झाड. त्याला मधूनच पूर्ण हिरवी फांदी फुटली तर बुडाशी कापून टाका. ती जोमाने वाढते आणि रंगीत फांद्यांना मागे टाकते.

लावायचं कसं, तर कुंडीत. आपली काळी माती पावसात चिखल धरून बसते आणि मुळं कुजतात. मी एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग रेती घेते. जागा पूर्वेची, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी भिंतीची सावली. मार्च ते जून हे झाडही थकतं, खालची पानं गाळतं. त्या दिवसांत खत देऊ नका, फक्त ओल टिकवा आणि कुंडीवर वाळक्या पानांचं आच्छादन घाला. पहिले दोन-तीन पाऊस पडले की फांद्या एक-तृतीयांश छाटायच्या. फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणून ही छाटणी टाळू नये. दिवाळीच्या आसपास कंदील लटकू लागतात.

मेपलचा लाल रंगच हवा असेल, तर तो आपल्याकडेही आहे. कुसुमाचं झाड मेपलच्याच कुळातलं, रिठा आणि लिचीच्या जोडीने. वसंतात विदर्भाच्या जंगलात त्याची लालभडक पालवी पाहिली की जपानची आठवण होत नाही. अंगण मोठं असेल तर तो जमिनीत लावा, कुंडीचं झाड नव्हे ते.

वहिनी परवा विचारत होत्या, "बिया धरू का, पेरायला?" बियांतून ठिपके उतरत नाहीत, रोपं साधी हिरवी निघतील. फांदीच कापायची, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, तीन-चार डोळ्यांची, ऑक्टोबरात ऊन उतरल्यावर. खालची पानं काढून ओल्या रेतीत सावलीला ठेवायची. त्यांच्याकडच्या दोन कलमांची मी आत्ताच मागणी करून ठेवली आहे.